पतसंस्थांच्या पिग्मी फाइलसाठी एकच नमुना ठरवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

कोडवाली_धंतोली | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका सॉफ्टवेअरच्या दुकानात काम करते. कंपनी म्हणत नाही, कारण आम्ही मोजून सहा जण आहोत आणि आमच्या जिन्यावर जायचे तर खालच्या झेरॉक्सवाल्याच्या काउंटरला वळसा घालावा लागतो. आमचे गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था. त्यातल्या पाच संस्थांनी, शहरातल्या तीन, एक कामठीची आणि एक उमरेडची, मिळून आम्हाला काम दिले आहे. पाचही ठिकाणी आतले सॉफ्टवेअर आमचे आहे, पण पिग्मी एजंटच्या (रोज फिरून छोटी बचत गोळा करणाऱ्याच्या) हातातली मशीन प्रत्येकीची वेगळ्या व्हेंडरची. संध्याकाळी एजंट आला की मशीनमधून जी फाइल निघते ती पाच तऱ्हांची. एकीत स्वल्पविरामाने तोडलेले रकाने, दुसरीत मोजून जागा सोडलेल्या, तिसरी चक्क एक्सेल. एकात तारीख दिवस-महिना, एकात महिना-दिवस. एक व्हेंडर रक्कम पैशांत लिहितो आणि टिंब देत नाही, म्हणजे ५० रुपये ५००० दिसतात. संस्थांचे म्हणणे असे की तुम्हीच एक नमुना ठरवून द्या, आम्ही तो सगळ्या व्हेंडरना लावू.

हे सुरू कशावरून झाले तेही सांगते. मे महिन्यात कळमना मार्केटच्या बाजूने फिरणाऱ्या एका एजंटने संध्याकाळी मशीन जोडली. फाइल जाता जाता नेट अडकले, 'झाले' असा निरोप आलाच नाही. त्याने पाच मिनिटे वाट पाहिली आणि परत बटण दाबले. दोन्ही वेळा फाइल गेली होती. ४७ खाती, १८,३५० रुपये दोनदा जमा. आमच्या लक्षात दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर एका लसूणवाल्या बाईंनी पोरीच्या फीसाठी पैसे काढलेसुद्धा. संस्थेने ती रक्कम एजंटच्या कमिशनमधून कापली. माणूस ५८ वर्षांचा, लूनावर फिरतो. मला ते बरे वाटले नाही, कारण चूक आमच्याही बाजूची होती.

तर मी एक तक्ता केला आहे, १८ रकाने. बॉसला आवडला. पण मला आतून वाटून राहिले की मानक असे बनत नसावे. जगात बँकांची मानके कोण ठरवते, कसे ठरवते? आमच्यासारख्या छोट्यांना त्यातले काही घेता येईल का? आणि व्हेंडर ऐकतील काहून?


मिहानकर | मंगळवार, रात्री १०:१५

सोपे उत्तर: नवे काही बनवूच नका. आयएसओ २००२२ घ्या, पेमेंटच्या निरोपांचे जागतिक मानक, प्रत्येक माहितीला तिच्या नावाचा टॅग लावणारे. पेमेंटच्या जगात सगळे तिकडेच चालले आहेत. आपली आरटीजीएस (मोठ्या रकमा बँकेतून बँकेत लगेच पाठवायची सोय) ऑक्टोबर २०१३ पासून त्यावर आहे. परदेशी पेमेंटसाठी स्विफ्टचे, म्हणजे बँकांचे निरोप पोचवणाऱ्या संस्थेचे, जुने आणि नवे निरोप एकत्र नांदायचे ते नोव्हेंबर २०२५ ला संपले. खातेउताऱ्याचा निरोप तयार आहे, पेमेंटच्या विनंतीचा तयार आहे, शब्दकोश तयार आहे, सगळे फुकट उतरवून घेता येते. मी रोज त्यातच असतो. चाक परत शोधायला बसू नका.


मॅनेजर_उमरेड | बुधवार, सकाळी ८:०५

मिहानकर भाऊ, आमच्या एजंटची मशीन पाहिली आहे का कधी? तळहाताएवढी, स्क्रीनवर चार ओळी, पावतीचा कागद शाईविना येतो आणि उन्हात खिशात ठेवला की काळा पडतो. तिच्यात तुमचा तो टॅगांचा डोंगर चढवता का?

ताई, मी त्या पाचांतला एक असू शकतो, नसूही शकतो. खरे सांगतो, व्हेंडर ऐकणार नाहीत. एक रकाना वाढवायचा म्हटले तर मागच्या वर्षी आम्हाला पंधरा हजाराचे कोटेशन आले. वर आमचा जुना डेटा अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, नवीन कॉम्प्युटरवर उघडला की गिचमिड दिसते. तुम्ही नमुना कराल, आम्ही ठराव करू, ऑडिटवाले पाहतील, आणि फाइल पहिल्यासारखीच येईल.


जुना_क्लिअरिंगवाला | बुधवार, दुपारी ३:३०

बेटा, तुझा प्रश्न तीनदा वाचला. अठरा रकाने नंतर पाहू. आधी तो लूनावाला.

मी बँकेत ३४ वर्षे काढली, त्यातली अकरा क्लिअरिंगला, म्हणजे बँकाबँकांतले चेक वटवायच्या कामाला. आज ज्याला संविधान चौक म्हणतात त्याला आम्ही आरबीआय चौकच म्हणायचो, आणि आमची संध्याकाळ तिथल्या क्लिअरिंगच्या वेळेवर चालायची. नंतर तीन वर्षे मुंबईत एका समितीवर बसायचो, चेकच्या आणि निरोपांच्या नमुन्यांबद्दल. त्यामुळे या विषयात मला थोडे जास्त बोलायची खोड आहे, सांभाळून घे.

एजंटने दोनदा दाबले. आता कार्डाच्या मशीनच्या मागे जे मानक आहे, आयएसओ ८५८३, पहिल्यांदा १९८७ साली आलेले, त्यात हेच गृहीत धरले आहे की लाइन तुटणार आणि माणूस परत दाबणार. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर चार आकडे असतात. ०२०० म्हणजे व्यवहाराची विचारणा. ०२१० म्हणजे तिचे उत्तर. उत्तर आले नाही म्हणून तीच विचारणा पुन्हा पाठवायची तर शेवटचा आकडा बदलतो, ०२०१. म्हणजे, साहेब हे मी आधीही पाठवले होते, पोचले असेल तर हे दुसरे समजू नका. आणि आधीचा व्यवहार उलटवायचा तर ०४ ने सुरू होणारी वेगळी मालिका. सोबत सहा आकड्यांचा एक माग काढायचा क्रमांक, जो पुन्हा पाठवताना बदलत नाही. बस, एवढेच. लूनावाल्याच्या फाइलवर असा एक क्रमांक आणि 'ही दुसरी खेप' एवढी खूण असती तर तुमच्या सॉफ्टवेअरने दुसरी फाइल बाजूला ठेवली असती आणि त्याचे कमिशन वाचले असते.

तुझ्या अठरा रकान्यांत ही जागा आहे का? बहुतेक नसणार. नाव असेल, पत्ता असेल, मोबाइल असेल. आपण सगळे आधी तेच भरतो जे रोज नीट चालते. मानकाची खरी कमाई मात्र जे बिघडते तिथे असते. आयएसओ ८५८३ मध्ये नकाराचेसुद्धा प्रकार आहेत. ५१ म्हणजे खात्यात पैसे नाहीत, ९१ म्हणजे पलीकडची बँकच बोलत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच, 'नाही झाले'. पण पहिल्यात त्याला घरी पाठवायचे आणि दुसऱ्यात दहा मिनिटांनी परत प्रयत्न करायचा.

नकाराचे प्रकार लिहिताना एक सांभाळ. चेक परतीच्या कारणांना आमच्याकडे आकडे होते. ०१ पैसे अपुरे, १२ सही जुळत नाही, २० पैसे देऊ नका असे खातेदाराने कळवले, ३१ चेक शिळा. आणि शेवटी ८८, इतर कारण, कृपया लिहा. पावसाळ्यातल्या एका आठवड्यात मी परतीचे मेमो सहज चाळत बसलो होतो तर जवळपास प्रत्येक गठ्ठ्यात ८८. पुढे काय लिहिले आहे पाहावे तर काहींनी 'इतर कारण' असेच लिहिलेले. इतर कारण काय, तर इतर कारण! क्लार्कला दोष देऊन उपयोग नव्हता. सहा वाजले, बस चुकणार, यादीत कारण शोधायला कोण बसते? म्हणून 'इतर' ठेवायचेच असेल तर त्याच्यापुढे किमान वीस अक्षरे लिहिल्याशिवाय फाइल पुढे सरकू देऊ नको, आणि दर तीन महिन्यांनी 'इतर'मध्ये काय काय आले ते वाचून नवे आकडे काढ. यादी जिवंत ठेवायला माणूस लागतो.

तो माणूस कोण, हा तुझा दुसरा मोठा प्रश्न आहे, तू विचारला नाही तरी. चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर नऊ आकड्यांचा कोड असतो. पहिले तीन शहर, मधले तीन बँक, शेवटचे तीन शाखा. नागपूरचा चेक हातात घे, ४४० दिसेल, आपल्या पिनकोडचेच पहिले तीन. आयएफएससी अकरा अक्षरांचा, चार अक्षरे बँकेची, पाचवा शून्य, सहा शाखेची. तो पाचवा शून्य पुढे काही लागले तर म्हणून राखून ठेवला आहे. इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नाही आणि तरी मला तो यादीतला सर्वांत शहाणा रकाना वाटतो. (शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहिणारे खातेदार मी शेकड्याने पाहिले. फॉर्मवर पाचवे घर आधीच छापून टाका, लोकांना भरायला देऊच नका.)

कोड बनवणे सोपे, सांभाळणे अवघड. पिग्मी हे नाव ज्या बँकेने १९२८ साली रूढ केले, उडुपीची सिंडिकेट, ती १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. तिचे एसवायएनबीने सुरू होणारे कोड तरी लगेच मेले नाहीत, ३० जून २०२१ पर्यंत चालले. म्हणजे सव्वा वर्ष जुना आणि नवा दोन्ही खरे. तुझ्या पाच संस्थांपैकी उद्या दोन एक झाल्या तर जुन्या संस्थेचा क्रमांक किती दिवस चालवायचा, कोण बंद करणार, बंद केलेला क्रमांक दुसऱ्याला द्यायचा की नाही? (नाही. कधीच नाही.) आयएसओमध्ये अशा याद्यांसाठी एक नोंदणी सांभाळणारी संस्था नेमतात. बँकांच्या स्विफ्ट कोडची यादी स्विफ्टकडे, आणि आयएसओ २००२२ च्या शब्दकोशाची नोंदणीसुद्धा तिच्याकडेच. तुमच्याकडे वहीत एक पान आणि एक जबाबदार माणूस पुरे, पण त्याचे नाव मानकात लिहून ठेवा.

मानक बनते कसे, त्याबद्दल. आर्थिक सेवांसाठी आयएसओची ६८ क्रमांकाची तांत्रिक समिती आहे. आयएसओमध्ये भारताचे सदस्यत्व भारतीय मानक ब्युरोकडे, आणि ब्युरोचे शाखा कार्यालय नागपुरातही आहे. मसुदा देशोदेशी फिरतो, बारा आठवडे मतदानाला असतो, समितीतले मत देणारे दोन तृतीयांश बाजूने लागतात आणि एकूण विरोध पाव हिश्श्यावर जाऊन चालत नाही. नंतरही दर पाच वर्षांनी ठेवायचे, सुधारायचे की मोडीत काढायचे हे विचारले जाते. या सगळ्यात तुझ्या कामाची गोष्ट एकच, आणि ती मला मुंबईत कळली. हरकत नोंदवायच्या फॉर्मला रकाने असतात: कोणते कलम, हरकत कशा प्रकारची, हरकत काय, आणि त्याजागी काय लिहायचे. शेवटचा रकाना कोरा सोडला तर तुमच्या हरकतीला कोणी विचारत नाही. आमच्या समितीत एक साहेब होते, प्रत्येक कलमावर 'हे व्यवहार्य नाही' म्हणायचे. अध्यक्षांनी फॉर्म पुढे सरकवला, म्हणाले, व्यवहार्य काय ते लिहून द्या. त्यानंतर साहेब चहाच्या वेळेलाच बोलायचे.

आणि शब्द. इंग्रजी मानकात तीन तऱ्हेची क्रियापदे काटेकोर वापरतात: करावेच लागेल, केलेले बरे, केले तरी चालेल. मराठीत आपण 'करावे' एकट्यात हे तिन्ही कोंबतो. 'तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी.' लिहावी म्हणजे लिहिलीच पाहिजे, की लिहिलेली बरी? व्हेंडर नेमका दुसरा अर्थ घेतो आणि तो चुकत नाही. तुमच्या कागदाच्या पहिल्या पानावर ठरवून टाका: 'लागेलच', 'असलेले बरे', 'चालेल'. चौथा शब्द नाही.

फार लांबले. उरलेले नंतर.


मॅनेजर_उमरेड | बुधवार, रात्री ९:२०

काका, मानले. ८८ वाचून आमच्या रजिस्टरमधला 'किरकोळ' रकाना आठवला. पण व्हेंडरचे राहिलेच. त्यांना 'लागेलच' म्हटले तर ते म्हणतील, पंधरा हजार लागतीलच.


जुना_क्लिअरिंगवाला | गुरुवार, सकाळी ६:५०

मॅनेजरसाहेब, याचे उत्तर चेकनेच दिले आहे. सीटीएस-२०१० नावाचा चेकचा नमुना आठवत असेल, उजेडात धरला की सीटीएस-इंडिया अशी पाणखूण, फोटोकॉपी काढली की उमटणारा व्हॉइड शब्द, खाडाखोड चालत नाही वगैरे. जुने चेक बंद करायची तारीख आली, सरकली, परत आली, परत सरकली. २०१२ संपता संपता बंद होणार होते ते २०१३ भर चालले. लोकांच्या कपाटात चेकबुके पडलेली, लोनच्या पुढच्या तारखांचे चेक दिलेले, एका फटक्यात बंद करणार कसे?

मग रिझर्व्ह बँकेने काय केले पहा. बंदी नाही घातली. जानेवारी २०१४ पासून जुन्या चेकसाठी वेगळी फेरी काढली, आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार. मेपासून दोनदा. नोव्हेंबरपासून फक्त सोमवारी. जुना चेक चालायचा, पण पैसे उशिरा. खातेदार आपल्या पायाने येऊन नवे चेकबुक मागू लागले. शेवटचा पडदा ३१ डिसेंबर २०१८ ला पडला तेव्हा रडायला कोणी उरले नव्हते. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण पेपरात वाचून बायकोला सांगितले. तिला फार काही वाटले नाही.

तुमच्या पाच संस्थांनी तेच करावे. नव्या नमुन्याची फाइल त्याच संध्याकाळी जमा. जुन्या नमुन्याची दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसाने डोळ्यांनी तपासून. तीन महिन्यांनी आठवड्यातून दोनदाच. व्हेंडरकडे मग एजंटच ओरडतील, तुम्हाला ओरडायची गरज नाही. आणि देखभालीचा करार नवा करायची तारीख येईल तेव्हा त्यात एक ओळ घाला. मधेच मागितले की कोटेशन येते, करार करताना मागितले की 'हो हो, देऊन टाकू' येते. पाचांनी एकदम मागा, एकट्याने नाही.

मिहानकर, तुमच्याशी माझे भांडण नाही. आयएसओ २००२२ मधून शब्दकोश घ्या, म्हणजे 'जमा रक्कम' कशाला म्हणायचे, 'व्यवहाराची तारीख' आणि 'खात्यावर लागू तारीख' वेगळ्या का ठेवायच्या, हे. कपडे मात्र मशीनच्या मापाचे शिवा. अर्थ एक असला की साधी स्वल्पविरामाची फाइलही नंतर मोठ्या नमुन्यात उतरवता येते. उलटे केले, टॅग सगळे बरोबर आणि अर्थ प्रत्येकाचा वेगळा, तर ते निस्तरायला कोणी येत नाही.


मिहानकर | गुरुवार, सकाळी १०:३०

काका, हरलो. एक भर माझ्याकडून. खातेक्रमांकाला शेवटी एक तपासणीचा आकडा लावा. कार्डाच्या नंबरात असतो तो, लून नावाच्या आयबीएमच्या माणसाची १९५४ सालची युक्ती. (लूनावाल्याशी संबंध नाही, पण गंमत आहे.) समजा खाते २७५१. उजवीकडून एकाआड एक आकडे दुप्पट करायचे, दुप्पट दोन आकडी झाली तर तिचे आकडे बेरजेत आणायचे. १ चे २, ५ तसाच, ७ चे १४ म्हणजे ५, २ तसाच. बेरीज १४. बेरीज दहाच्या पटीत हवी, वीस व्हायला ६ कमी, म्हणून खाते २७५१६. एजंटने घाईत २७१५६ दाबले तर हिशेबाने शेवटी १ यायला हवा, ६ आहे, मशीन तिथेच अडते. एक आकडा चुकला तर हमखास पकडतो, शेजारचे दोन उलटसुलट झाले तर जवळपास नेहमी. फक्त ०९ चे ९० झाले तर फसतो.


कोडवाली_धंतोली | शुक्रवार, रात्री ११:१०

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. अठरा रकान्यांचा तक्ता फाडला नाही, पण उलटा करून मागे लिहायला घेतला. पहिल्या पानावर आता फक्त बिघाड आहेत: नेट तुटले, दोनदा आले, अर्धवट आले, एजंटची मशीन हरवली, खाते बंद आहे आणि पैसे घेऊन झाले, पावती दिली पण नोंद नाही. सोळा निघाले. शेवटचा एजंटने सांगितला, आम्हाला सुचला नसता: गिऱ्हाईक म्हणते 'उद्या दोन दिवसांचे एकदम घे', आणि तो दोन तारखांच्या दोन पावत्या एकाच दिवशी फाडतो.

आज एक मजा झाली, ती सांगते. मी नमुन्यात 'नाव: ४० अक्षरे' लिहिले होते. दोन व्हेंडरना चाचणीची फाइल दिली. एकाकडून नावे नीट आली, दुसऱ्याकडून तेराव्या चिन्हानंतर कापलेली, शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. त्याने ४० बाइट, म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीची घरे, धरले. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते, काना-मात्रासुद्धा. वाक्य माझेच ढिसाळ होते, भांडायला जागा नव्हती.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे 'कुऱ्हाडे'. एकाच आडनावाचे तीन खातेदार सॉफ्टवेअरला तीन वेगळी आडनावे वाटत होती, स्क्रीनवर डोळ्यांना काडीचा फरक नाही. दोन तास त्यात गेले. एकाने तो ऱ एकच अक्षर म्हणून टाइप केला होता, दुसऱ्याच्या कीबोर्डने र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे दोन, तिसऱ्याने र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. पहिला २४ बाइटचा, बाकीचे दोन २७ चे. युनिकोडच्या (कॉम्प्युटरवर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) ठरावीक रूपात आणले की पहिले दोन एक होतात. तिसरा तरीही वेगळाच राहतो, त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला. आईला दाखवले तर म्हणते, तिन्ही कुऱ्हाडेच तर आहेत, इतका काय विचार करून राहिली.


जुना_क्लिअरिंगवाला | शनिवार, सकाळी ७:१५

बेटा, यासाठीच नावावर कधी पैसे जमा करू नको. २०१० साली रिझर्व्ह बँकेने इलेक्ट्रॉनिक पेमेंटसाठी स्पष्ट सांगितले होते की पैसे खातेक्रमांकावर जमा होतील, नाव जुळवून नाही. लोक त्यावर चिडायचे, आणि त्यांचेही खरे होते, एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्या घरी. आता १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचे नाव दिसायची सोय बँकांना द्यावी लागते. पण नीट पाहशील तर तिथेही नाव माणसाला दाखवतात, माणूस ठरवतो. मशीनला 'कुऱ्हाडे बरोबर कुऱ्हाडे' असे ठरवायला लावलेले नाही. तू तेच कर. एजंटने क्रमांक दाबला की स्क्रीनवर नाव येऊ दे, पावती त्याने डोळ्यांनी पाहून फाडावी. मिहानकरांचा तपासणीचा आकडा पुढे, नाव मागे.

'अक्षर' हा शब्द मानकातून काढून टाक. 'दिसणारे अक्षर', 'चिन्ह', 'बाइट' असे तीन वेगळे शब्द व्याख्येच्या पानावर घे, आणि प्रत्येक रकान्यापुढे कोणते ते लिही. आणि ते तिन्ही कुऱ्हाडे चाचणीच्या फाइलमध्ये कायमचे ठेव. जो व्हेंडर ती फाइल तिन्ही नावे एक मानून परत देईल तो पास.

त्या लूनावाल्याचे कमिशन परत दिले का संस्थेने?


कोडवाली_धंतोली | शनिवार, सकाळी ९:००

अजून नाही. पण आज ११ वाजता धरमपेठला पाचही संस्थांची बैठक आहे, दोन व्हेंडर येऊन राहिले आहेत. पहिला विषय मी तोच टाकला, नमुन्याच्या आधी. दुसरा विषय 'इतर' ठेवायचा की नाही, त्यावर मॅनेजर मंडळींचे कालपासून व्हॉट्सॅपवर वाजते आहे. एजंटलाही बोलावले आहे, सोळावा बिघाड त्यानेच समजावून सांगावा म्हणून.

काका, तुम्ही येता का? हरकतींचे फॉर्म छापून घेतले आहेत, शेवटच्या रकान्यासकट.


जुना_क्लिअरिंगवाला | शनिवार, सकाळी ९:०५

येतो. मला एक प्रत मोठ्या टायपात काढून ठेव. आणि त्या एजंटला पहिल्या खुर्चीवर बसव, व्हेंडरच्या समोर.